मोठी माय आणि पपईच्या बिया

मोठी माय कोणालाही 'कसं काय, बरं आहे ना' असं विचारत नसे. ती सरळ हनुवटी धरायची, तोंड उजेडाकडे वळवायची, खालची पापणी अंगठ्यानं ओढून आतला रंग बघायची आणि निकाल द्यायची, "जंत आहेत." आमच्या आंधळगावच्या गल्लीतलं एकही पोरगं या निकालातून सुटलं नव्हतं. झोपेत दात खातो? जंत. गालावर पांढरे डाग? जंत. नाक चोळतो, खाल्लेलं अंगी लागत नाही, उगाच किरकिर करतो? जंतच. ती माझ्या वडिलांच्या मोठ्या भावाची बायको, म्हणून माझी मोठी माय. गल्लीतली पोरं मात्र तिला मागून 'जंतबाई' म्हणत आणि ती येताना दिसली की ओट्यावरचा डाव मोडून पळत.

तिचं औषध एकच, पपईच्या बिया. घरात पपई कापली की गर आमचा आणि बिया तिच्या. त्या राखेत चोळून ती त्यांच्यावरचं बुळबुळीत आवरण काढायची, धुऊन अंगणात जुन्या कापडावर वाळवायची आणि पाट्यावर बारीक वाटून गुळात गोळे वळायची. घर कोष्ट्याचं, म्हणजे विणकराचं. मोठे बाबा लवकर गेले, त्यांच्या मागावर आता दादा, म्हणजे तिचा मुलगा, बसत असे, आणि मोठी माय ओसरीत सुताच्या कांड्या भरत असे. एक हात रहाटावर आणि डोळे अंगणातल्या बियांवर, कारण गल्लीत कोंबड्या फार. तो गोळा आधी गोड लागायचा. मग मिरं आणि मोहरी एकदम चावल्यासारखी कडू-तिखट चव नाकात चढायची. थुंकायची सोय नव्हती, कारण गोळा घशाखाली उतरेपर्यंत तिचा हात हनुवटीखाली असायचा. दुपारी त्यावर चहातून एरंडेल. पुढचं सांगायला नको.

"तोंड खोटं बोलते, पोट खरं बोलते," हे तिचं बोलणं. म्हणून ती तोंडाला काही विचारतच नसे. एकदा शेजारच्या काकू भांडायला आल्या, "माहा पोरगा माती खात नाही, उगाच बदनाम करू नका." मोठी मायनं रहाट सोडला. पोराला जवळ ओढलं, त्याची मूठ उघडली आणि आतला ओल्या भिंतीचा खपला काकूंच्या हातावर ठेवला. "घ्या. हे काय गूळ होय?" पुढे शाळेत सरकारी गोळ्या वाटायला लागले तेव्हा सगळ्यांना वाटलं, आता ही रागावेल. ती म्हणाली, "चांगलं झालं. गोळी त्यायची, बी माही. दोन्हीकडून घेरलं तं जंत पळन कुठं?"

तिच्या या न विचारण्यानं माझं भलं झालं आहे, हे पुढचं सांगण्याआधीच लिहून ठेवते. बारावी झाल्यावर वडिलांनी माझं शिक्षण थांबवायचं ठरवलं होतं. मोठी मायनं त्यांना विचारलं नाही. मलाही विचारलं नाही. एके दिवशी सकाळी तिनं माझं मनगट धरलं, तुमसरच्या एसटीत बसवलं आणि संध्याकाळी परत येऊन वडिलांना सांगितलं, "पोरीले कालेजात टाकून आली. आता बोंबलाचं तेवढं बोंबल." वडील तीन घरांना ऐकू जाईल एवढे ओरडले. ती शांतपणे कांड्या भरत राहिली. आमच्या घरात पदवी मिळवणारी मी पहिली, आणि त्या पदवीचं मूळ त्या धरलेल्या मनगटात आहे.

औषध ती वर्षातून एकदा नेमानं सगळ्यांना द्यायची, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी. त्या दिवशी आमच्याकडे मारबत निघते. पळसाच्या फांद्या आणि कागदाची बाहुली घेऊन पोरं-माणसं गावाच्या शिवेपर्यंत ओरडत जातात, "ईडा-पीडा, खासी-खोकला, घेऊन जा गे मारबत!" मोठी मायचा हिशेब सरळ होता. गावची रोगराई आज शिवेबाहेर जाते आहे, तर पोटातलीही आजच जाऊ द्यावी. सकाळी ओट्यावर पोरांची रांग लागे आणि बाया आपापल्या पोरांचे हात धरून उभ्या राहत.

मी बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला होते तेव्हाची मारबत. भंडारा जिल्ह्याचे दोन भाग होऊन काही वर्षं झाली होती. दादाची बायको, शालूवहिनी, तिरोड्याकडची, म्हणजे आता गोंदिया जिल्ह्यातली. मोठी माय तिला चिडवायची, "आमची सुनबाई परजिल्ह्यातली वो. परमिट काढून आणली." वहिनी हसायची. पण त्या पावसाळ्यात तिचं हसणं कमी झालं होतं. तोंडाला पाणी सुटायचं, सारखी उठून मोरीवर जायची, चेहरा उतरलेला. आणि माग होता त्या खोलीचा एक कोपरा पोखरला होता. ओल्या भिंतीचे खपले ती लपून खात होती, हे मोठी मायनं बरोबर हेरलं.

कोणाला दुसरी शंका येऊ नये याचं कारण होतं. वहिनी आदल्याच महिन्यात बाजूला बसली होती. आमच्या घरात तेव्हा ते पाळत. पाळीच्या दिवसांत बाई मागच्या पडवीत बसे आणि तिचं ताट तिथंच जाई. ताट मोठी मायनं स्वतः नेऊन दिलं होतं.

रांग संपत आली तशी मोठी मायनं दाराकडे बघून हाक मारली, "सुनबाई, तूई ये."

"मले नोको आत्याबाई. मले काही नाही झालं."

"काही नाही झालं तं भिंत कोणं खाल्ली? उंदरानं?"

ओट्यावरच्या सगळ्या बाया हसल्या. वहिनीही हसली, पण तिची नजर दादाला शोधत होती. दादा मारबतीबरोबर शिवेकडे गेला होता. माझ्याकडेही तिनं बघितलं. मला वाटलं, कडू चवीची भीती. मी म्हणाले, "डोळे मिटून गिळा वहिनी, लवकर होते." मोठी मायचा हात हनुवटीखाली गेला. चारचौघींसमोर वहिनीला तोंड उघडावंच लागलं. दुपारी एरंडेलाचा कपही तिनं मुकाट्यानं संपवला.

त्यानंतर थोड्या वेळानं तिनं मला मागाच्या खोलीत ओढलं. तिच्या कपाळावर घामाचे थेंब होते.

"बाई, त्या बियायनं आणिक काही होते का वो?"

"आणिक म्हणजे?"

तिनं पोटावर हात ठेवला. एवढंच. मग भडाभडा बोलली. आदल्या वर्षी तिला दिवस गेले होते तेव्हा आनंदाच्या भरात सगळ्या गल्लीला कळलं होतं, आणि दुसऱ्याच महिन्यात सगळं संपलं होतं. तिच्या आईनं ठरवलं, नजर लागली. म्हणून या खेपेला बजावलं, चोरचोळी होईपर्यंत कोणाला सांगायचं नाही. चोरचोळी म्हणजे तिसऱ्या महिन्यात गुपचूप भरायची ओटी. तोवर नवऱ्याशिवाय कोणाला कळता कामा नये, सासूलाही नाही. आणि संशय येऊ नये म्हणून नेहमीसारखं बाजूला बसायचं. वहिनीनं आईचं ऐकलं होतं.

"पोटात कळ येऊन राहिली बाई," ती म्हणाली.

मी धावत ओसरीत गेले आणि मोठी मायच्या कानात सांगितलं. तिनं रहाट थांबवला नाही. "खोटं. बाजूला बसली होती ते. मीनं ताट देलं." मी म्हणाले, "मोठी माय, ते नाटक होतं." रहाट थांबला. ती उठून आत गेली आणि मी तिला जन्मात पहिल्यांदा कोणाला तरी विचारताना ऐकलं.

"शालू, खरं होय?"

वहिनीनं मान हलवली.

"किती दिवस झाले?"

"दुसरा सरत आला."

विणताना पाय सोडायला मागाखाली खड्डा असतो, मोठी माय त्याच्या काठावर बसली.  बाहेर मिरवणुकीतून परतणारी पोरं अजून ओरडत होती, "घेऊन जा गे मारबत!" ती ताडकन उठली आणि दार उघडून तिनं असा आवाज टाकला की गल्ली जागच्या जागी थांबली. "चूप बसा रे पोट्टेहो! कोणी काही नोका नेऊ!" पोरांना काही कळलं नाही. वहिनीनं तोंडात पदर कोंबला.

भंडाऱ्याला न्यायचं तर गाडी हवी. मारबतीचा दिवस म्हणजे आमच्याकडे मटणाचा आणि दारूचा दिवस. दादा शिवेकडून आला तो नुसता घाबरलेला. त्याला वहिनीजवळ बसवून मोठी माय मला घेऊन जीपवाल्यांच्या अड्ड्यावर गेली. झाडाखाली पत्त्यांचा डाव बसला होता. तिनं पहिल्या ड्रायव्हरच्या पुढ्यात उभं राहून म्हटलं, "तोंड उघड."

"काय झालं गे मोठी माय? मले जंत नाही."

"तोंड उघड म्हटलं ना!" तिनं वाकून वास घेतला आणि त्याला बाजूला ढकललं. दुसऱ्याचा घेतला. त्यालाही ढकललं. एरवी हसून लोळले असते असे ते लोक तिचा चेहरा बघून पत्ते खाली ठेवून उठले. शेवटी कोपऱ्यात एकटा भजी खात बसलेला माळकरी ड्रायव्हर सापडला. त्याचंही तोंड हुंगूनच तिनं त्याला उठवलं.

तो रस्ता मी विसरणार नाही. पावसानं उखडलेला, खड्ड्यांत पाणी भरलेलं. दादा पुढे ड्रायव्हरशेजारी होता, मागच्या बाकावर वहिनीचं डोकं मोठी मायच्या मांडीवर होतं. "हळू चालव गा, हळू," ती म्हणायची, आणि लगेच, "जोरात घे ना बाबा, झोपला का?" ड्रायव्हर बिचारा दोन्ही ऐकत होता. मोहाडी मागे पडल्यावर वहिनी म्हणाली, "आत्याबाई, ओलं लागून राहिलं."  मोठी मायनं वहिनीचे दोन्ही पाय उचलून माझ्या मांडीवर ठेवले आणि भंडारा येईपर्यंत खिडकीच्या दांडीला धरून राहिली.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी विचारलं, काही खाल्लं होतं का? दादा माझ्याकडे बघू लागला. मोठी माय पुढे झाली. "मीनं देलं. पपईचं बी आणि वरून एरंडेल." किती, ते तिनं तळहातावर दाखवलं.

"कशासाठी?"

"माती खात होती. मले वाटलं, जंत."

"आजी, दिवस गेल्यावरही कित्येक बायका माती खातात."

"माहीत हाय ना मले," मोठी माय म्हणाली. "याच्या खेपेले मीनं अर्धी चूल खाल्ली होती." आणि तिनं दादाकडे बोट दाखवलं. दादा भिंतीकडे वळला.

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळं संपलं. डॉक्टरीणबाईंनी आम्हाला बाहेर बोलावून सांगितलं की सुरुवातीच्या दिवसांत पुष्कळदा आपोआपही असं होतं. त्या औषधानंच झालं असं त्या म्हणणार नाहीत, आणि त्यानं झालं नाही असंही सांगता येणार नाही. दादानं त्यातलं पहिलं वाक्य धरून ठेवलं. मोठी मायनं कोणतं धरलं, ते घरी आल्यावर कळलं.

वहिनीची आई तिरोड्याहून आली तेव्हा ओसरी गल्लीतल्या बायांनी भरली होती. त्याच बाया, ज्या मारबतीच्या सकाळी ओट्यावर हसल्या होत्या. वहिनी खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडली होती. कुजबूज तिला ऐकू जाईल अशीच चालली होती. "दिवस असताना मारबत पाह्यली असंल दारातून." "पहिल्या खेपेलेही असंच. पोटच कच्चं हाय तिचं." "पोट धरतच नसंल तं पोरानं कितीक दिवस वाट पाहाची?" या शेवटच्या वाक्याचा अर्थ आमच्याकडे सगळ्यांना कळतो. पुढची पायरी म्हणजे मुलासाठी दुसरं स्थळ. वहिनीच्या आईनं खाली घातलेली मान आणखी खाली घातली.

मी मोठी मायकडे बघत होते.  ती गप्प राहिली असती तर कोणीही तिचं नाव घेतलं नसतं. गोळा सगळ्यांनी पाहिला होता, पण तिच्यासमोर तो शब्द काढायची हिंमत त्या ओसरीत कोणाकडे नव्हती. सुनेला दोष देणं सोपं होतं. उद्यापासून सगळं पहिल्यासारखं चाललं असतं.

"तिचं पोट कच्चं नाही," मोठी माय म्हणाली.

कुजबूज थांबली.

"माह्या हातानं गेलं ते. तुमच्या साऱ्यायच्या समोर खाऊ घातलं मीनं तिले. पाह्यलं ना तुम्ही? दात काढून हासल्या ना? मंग आता काहून बोलून नाही राहिल्या? ते नाही म्हणत होती आणि मीनं तिचं थोबाड धरलं. पोट खरं बोलते म्हणत होती मी. पोटानं सांगतलंच होतं, मलेच नाही समजलं. डॉक्टरीण म्हणते, सांगता येत नाही. मले सांगता येते."

 मग वहिनीची आई हुंदका आवरत म्हणाली, "ईनबाई, बाजूला बसाले मीनंच सांगतलं होतं तिले. तुमच्यापासून लपवाले."

दोघी विहिणी एकमेकींकडे बघत राहिल्या. मला वाटलं, आता भांडण पेटणार. मोठी माय तिच्याजवळ जाऊन खाली बसली. "म्हणजे तुमी चूप राह्यल्या आणि मीनं इचारलं नाही. नजर-बिजर कोणाची नाही बाई. आपण दोघीनंच घालवलं." मग ती गल्लीतल्या बायांकडे वळली. "जा आता घरी. आणि माह्या सुनेचं नाव कोणाच्या तोंडून आलं तं माह्याशी गाठ हाय."

वहिनीनं तिला लगेच माफ केलं असं लिहिलं तर ते खोटं होईल. कित्येक महिने ती कामापुरतं बोलायची. मोठी मायनंही कधी गोड बोलून तिला वळवायचा प्रयत्न केला नाही. तिचं पाणी भरलं, तिच्या वाटच्या कांड्या भरल्या आणि मागच्या पडवीतलं बाजूला बसणं बंद करून टाकलं. "बसाचं तं घरात बस. मले दिसत राहा," एवढंच म्हणाली. औषध तिनं पुन्हा कधी कोणाला दिलं नाही. पोरं आली तर त्यांना हाताला धरून शाळेत गोळी घ्यायला नेऊन सोडायची.

मात्र गल्लीवर दुसरंच संकट आलं. मोठी माय आता विचारायला लागली. रस्त्यात, विहिरीवर, लग्नाच्या मांडवात, कोणाचीही सून दिसली की, "का वो, दिवस-बिवस तं नाही ना गेले? बाहेर कधी बसली होतीस?" पुरुष माना फिरवत, सुना पदर ओढून पळत. पूर्वी पोरं पळायची, आता त्यांच्या आया पळू लागल्या. तिला लाज वाटत नसे. पण पळता पळता एखादी वळून हळूच उत्तर द्यायची. पुढच्या वर्षी एका सकाळी शालूवहिनी स्वतःच तिच्यासमोर येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "आत्याबाई, मले बारा दिवस वर झाले." दादाला अजून माहीत नव्हतं. मोठी मायनं रहाट सोडला आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. त्या खेपेची मुलगी आता शाळेत जाते.

माझं लग्न लाखांदूर तालुक्यात दिघोरीला झालं. सासरची माणसं धानाची शेती करणारी, चांगली, पण कमी बोलणारी. मी जवळच्या शाळेत शिकवायला जात होते. पहिल्यांदा दिवस गेले तेव्हा मी फोनवरून मोठी मायला कळवलं आणि सांगितलं की इथंही तिसऱ्या महिन्याशिवाय बोलायची पद्धत नाही. ते दिवस धानाच्या रोवण्याचे, म्हणजे भातलावणीचे होते. सुट्टीच्या दिवशी घरातल्या सगळ्या बायांबरोबर मलाही बांधीत, म्हणजे भातखाचरात, वाकून रोवणी करावी लागत होती, आणि नाही म्हणायला कारण सांगता येत नव्हतं.

दोनच दिवसांनी ती आली. आंधळगावहून भंडारा, भंडाऱ्याहून लाखांदूरची एसटी, तिथून मिळेल त्या गाडीनं. ओसरीत सासरे, दीर आणि रोवण्याचा हिशेब करायला आलेली चार माणसं बसली होती. सासूबाई पाणी घेऊन आल्या. मोठी मायनं तांब्या घेतला, खाली ठेवला आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "आमच्या पोरीले दिवस गेले. दुसरा महिना हाय. माहीत नसंल तं आता माहीत करून घ्या."

सासऱ्यांनी जमिनीकडे बघितलं. चार माणसांपैकी एक जण खोकायला लागला. सासूबाईंचा चेहरा लाल झाला. "अवो बाई, माणसायसमोर..."

"माणसायसमोरच सांगा लागते. हिले कोणी वाकवू नका, जड उचलाले लावू नका, आणि हिले विचारल्याशिवाय हिच्या तोंडात काही घालू नका. रागवाचं असंल तं माह्यावर रागवा. मी म्हातारी हाय, मले काही होत नाही." मग ती पाणी प्याली आणि तिनं चहा मागितला.

दुसऱ्या दिवसापासून मला कोणी बांधीत बोलावलं नाही. सासूबाई आठवडाभर फुगून होत्या. नंतर त्याच मला काय खावंसं वाटतं ते विचारू लागल्या.

मोठी माय आता नाही. माझा मुलगा रांगत होता त्या हिवाळ्यात ती गेली, झोपेत, कोणालाही त्रास न देता. पण दिघोरीहून ती परत निघाली तेव्हा मी तिला बस थांब्यावर सोडायला गेले होते. मी म्हणाले, "मोठी माय, एवढ्या लांब कशाला आलीस? फोन केला असता तरी चाललं असतं." तिनं माझी हनुवटी धरली. माझी पापणी ती ओढेल असं मला वाटलं. तिनं ती ओढली नाही.

"आता कोणी काही खायले देलं तं आधी विचार, काय हाय म्हणून. नाही वाटलं तं नाही म्हण."

"हो."

"मीनं देलं तरी विचार," ती म्हणाली.

बस आली. कंडक्टर ओरडत होता, ती घाईनं चढली आणि पुढच्या बाकावर एका तरुण बाईशेजारी जागा करून घेतली. मी खिडकीखाली उभी राहून हात हलवला. तिचं माझ्याकडे लक्ष नव्हतं. शेजारच्या बाईकडे वळून ती तिला काहीतरी विचारत होती.